‘टू’ गळाला तर गळू दे

‘डेअर’ हे इंग्रजी क्रियापद शिकवायला मला फार आवडायचं, कारण ते शिकवताना फळ्याच्या मधोमध उभी रेघ मारता यायची. डावीकडे सहायक ‘डेअर’, उजवीकडे मुख्य ‘डेअर’. डावीकडच्याला ‘एस’ लागत नाही, ‘डू’ लागत नाही, पुढच्या क्रियापदाआधी ‘टू’ लागत नाही: ‘ही डेअर नॉट गो’. उजवीकडच्याला हे सगळं लागतं: ‘ही डझ नॉट डेअर टू गो’. अर्थ दोन्हीकडे तोच, त्याची जायची हिंमत होत नाही. मुलं दोन्ही बाजू वहीत उतरवून घ्यायची. खाली मी ‘सरमिसळ करू नये’ असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढायचे. इंग्रजीच्या शिक्षिकेला अशी स्वच्छ जागा फार कमी वेळा मिळते. ‘ऑन’ कुठे आणि ‘अ‍ॅट’ कुठे हे सांगताना ‘असंच म्हणतात’ यापलीकडे तिच्याकडे कारण नसतं. ‘डेअर’पाशी आले की मी नियमाची मालकीण व्हायचे.

त्या रेघेवर आज माझा विश्वास नाही. तो एका दिवसात गेला नाही. जाताना मी त्याला बराच अडवलाही.

नियम माझ्या घरचा नव्हता. आमच्या पिढीतल्या मराठी माध्यमाच्या मुलांनी पाचवीत एबीसीडी गिरवली आणि पुढे व्याकरणासाठी रेन आणि मार्टिन यांचं पुस्तक प्रमाण मानलं. 1930च्या दशकातलं ते पुस्तक अजून दुकानात मिळतं आणि अजून खपतं. नकारात ‘डेअर’ला ‘एस’ नाही आणि पुढे ‘टू’ नाही, हे त्यात ठसठशीत सांगितलेलं आहे. यातले पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यातले. कराचीच्या हायस्कुलात ते हेडमास्तर होते, आणि कराची तेव्हा इलाख्यातच होती. याच गृहस्थांनी 1924 साली ‘बो जेस्ट’ ही फ्रेंच फॉरेन लीजनमध्ये जाणाऱ्या तीन भावांची कादंबरी लिहिली. तिच्यावर सिनेमे निघाले. वाळवंटातल्या किल्ल्यावरचं धाडस रंगवणारा लेखक आणि ‘डेअर नॉट’नंतर ‘टू’ लावू नका असं बजावणारा मास्तर एकच, हे मला फार उशिरा कळलं आणि उगीचच आवडलं.

तर या रेघेच्या जोरावर मी पेपर तपासत असे. ‘ही डिड नॉट डेअर आस्क’ असं वाक्य आलं की अर्धा गुण गेला. ‘डिड’ उजवीकडचा, ‘टू’ गळाला तो डावीकडच्यासारखा. धेडगुजरी वाक्य. मी समासात लाल शाईनं ‘टू’ लिहायचे आणि पुढे जायचे. त्यात काही वावगं आहे असं मला वाटत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्या आसपास इंग्रजी शिकवणाऱ्या कोणालाच वाटत नव्हतं. स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत ‘चूक ओळखा’ या सदराखाली हा प्रश्न वेगवेगळ्या कपड्यांत दरवर्षी यायचा.

एका गोष्टीला मात्र मी वळसा घालत आले होते. इंग्रजी गोष्टींच्या पुस्तकांत ‘शी डेअर्ड नॉट स्पीक’ असलं वाक्य पावलोपावली भेटतं. त्यातला ‘एड’ उजवीकडचा आहे, कारण खऱ्या सहायकाला ‘एड’ लागत नाही. ‘कॅन’ला लागतो का? ‘मस्ट’ला? पण ‘डू’ नाही आणि ‘टू’ही नाही, म्हणजे बाकीचं सगळं डावीकडचं. मग हे वाक्य रेघेच्या कुठल्या बाजूला लिहायचं? ‘नोबडी डेअर्ड स्पीक’ हे त्याचंच भावंड. दोन्ही वाक्यं उत्तम लेखकांकडे सापडतात आणि दोन्ही माझ्या व्याख्येप्रमाणे धेडगुजरी ठरत होती. एखाद्या चौकस मुलानं विचारलंच तर ‘ते जुनं रूप आहे’ असं सांगून मी पुढच्या धड्याकडे वळायचे. उत्तर खोटं नव्हतं. फक्त ते उत्तर देताना मला ‘जुनं’ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं.

मॅक्बेथ मी बी.ए.ला वाचला होता. वाचला म्हणजे नोट्स पाठ केल्या होत्या: महत्त्वाकांक्षा, रक्त, उडालेली झोप. पुष्कळ वर्षांनी भाचीला अभ्यासाला मदत करताना पहिल्या अंकाचा सातवा प्रवेश पुन्हा उघडला. राजा डंकन घरी पाहुणा आहे, आतल्या दालनात जेवण चाललंय, आणि मॅक्बेथचे पाय गार पडलेत. बाई त्याला टोचते आहे. या दहाबारा ओळींच्या झटापटीत शेक्सपिअरनं हे क्रियापद जितक्या तऱ्हांनी वापरता येईल तितक्या तऱ्हांनी वापरलं आहे. लेडी मॅक्बेथ ‘डेअर नॉट’ हे शब्दच उचलून त्यांचं नाम करते आणि ते त्याच्या इच्छेच्या आड आणून उभं करते. वर म्हणीतल्या मांजराची आठवण करून देते, मासा हवा पण पंजे भिजायला नकोत अशा. मॅक्बेथ उत्तर देताना एका वाक्यात ‘डेअर’ला प्रत्यय लावत नाही, लगेच पुढच्यात ‘डेअर्स’ म्हणतो, पण ‘एस’ लावूनही ‘टू’ लावत नाही. मग बाई भूतकाळात जाते आणि तिथे ‘डेअर्ड’ नाही, ‘डर्स्ट’ आहे. नवरा-बायकोच्या एका भांडणात तीन रूपं, आणि त्यातलं मधलं माझ्या रेघेवर बरोबर मधोमध बसलेलं. भाचीला मी नेहमीप्रमाणे महत्त्वाकांक्षेवरच्या नोट्स दिल्या. रात्री मात्र शब्दकोश काढला.

या क्रियापदाची कूळकथा थोडी सांगते, कारण माझं मन पालटायला ती कामी आली. जुन्या इंग्रजीत ते ‘डुर्रन’ होतं. ‘मी धजतो’ला ‘डेअर’सारखंच एक रूप होतं आणि भूतकाळी ‘डोर्स्टे’, ज्याचं पुढे ‘डर्स्ट’ झालं. गंमत अशी की ते वर्तमानकाळी रूप घडणीनं भूतकाळाचं आहे. आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. ‘कळलं का?’ ‘कळलं.’ रूप भूतकाळाचं, अर्थ मात्र आत्ता, या क्षणी कळलेलं आहे असा. इंग्रजीतली ‘कॅन’, ‘मे’, ‘शॅल’ ही सगळी याच जातकुळीची. भूतकाळाच्या रूपाला तृतीयपुरुषी ‘एस’ कसा लागणार? म्हणून ‘ही कॅन्स’ होत नाही आणि म्हणूनच ‘ही डेअर’. इतकी वर्षं मी पोरांना ‘सहायकाला एस लागत नाही’ असं सांगत होते, आणि का लागत नाही याचं उत्तर इतकं साधं होतं.

मग सोळाव्या शतकाच्या आसपास ‘डेअर’च्या मनात फाटाफूट झाली. ‘कॅन’ आणि ‘मे’ जागच्या जागी राहिले, याला मात्र साध्या क्रियापदांसारखं वागावंसं वाटू लागलं. ‘डेअर्स’ आलं, ‘डेअर्ड’ आलं, हळूहळू ‘टू’ आणि ‘डू’ही आले. ‘डर्स्ट’ मागे पडत बोलीभाषांत जाऊन राहिलं. जुनं घर मात्र त्यानं कधी सोडलं नाही. याचा जोडीदार ‘नीड’ नेमका उलट्या दिशेनं आला: तो मुळात साधं क्रियापद, आणि सहायकांच्या ओसरीवर येऊन बसला. दोघांची गाठ वाटेत पडली आणि व्याकरणकारांनी दोघांना एकाच प्रकरणात कोंबलं.

शब्दकोशात आणखी एक गोष्ट मिळाली. ‘डेअर’चा मूळ धातू आणि संस्कृतातला ‘धृष्’ हे सख्खे. म्हणजे आपलं ‘धृष्ट’, आपलं ‘धारिष्ट’ आणि हा ‘डेअर’ एकाच रक्ताचे. संस्कृतात ‘धृष्’चं ‘दधर्ष’ असं परोक्षभूताचं रूप होतं, आणि इंग्रजी ‘डेअर’ हे त्याच साच्यातल्या रूपाचं वंशज. मी ज्याला फळ्यावर परदेशी पाहुणा म्हणून उभं करत होते तो धारिष्टाचा चुलतभाऊ निघाला. पण हे समजल्यानं पेपर तपासण्यात काही फरक पडला नाही. कुळी कितीही थोर असली तरी ‘टू’ गळाला की गळाला.

पुढे एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक या चौघांचं 1985 सालचं व्याकरण हाती लागलं. सतराशेहून जास्त पानं, दोन्ही हातांनी उचलावं लागतं असं. ‘डेअर’ आणि ‘नीड’ यांना त्यांनी सहायकांच्या घरात जागा दिली होती, पण अगदी कडेला, उंबऱ्याजवळ. आणि खाली शांतपणे लिहिलं होतं की ‘डेअर’च्या बाबतीत दोन्ही रचनांची सरमिसळ होते आणि ती सर्रास मान्य आहे. ‘डू’ असतो, ‘टू’ नसतो, आणि इंग्रजी बोलणाऱ्यांना त्यात काही खटकत नाही.

मला आनंद झाला नाही. राग आला. ज्याखाली मी दोन रेघा ओढत होते त्या वाक्याचा नेमका उलटा मजकूर तिथे छापलेला होता, आणि तोही कसलाही आवेश न आणता. पुस्तक परत ठेवलं आणि मनाशी युक्तिवाद तयार केला: त्यांची भाषा आहे, ते काय वाटेल ते करतील. आमच्या मुलांना परकी भाषा शिकायची आहे, त्यांना एक पक्की वाट हवी. पोहायला शिकणाऱ्याला कोणी भोवऱ्यात नेत नाही. हा युक्तिवाद मला पुष्कळ दिवस पुरला. आजही तो सगळाच टाकाऊ आहे असं मी म्हणणार नाही.

माझं मन शेवटी पालटलं ते इंग्रजीमुळे नाही, मराठीमुळे.

नववीच्या वर्गाला भाषांतरासाठी ‘नोबडी डेअर्ड टू स्पीक’ हे वाक्य दिलं होतं. वह्या तपासायला घेतल्या. एकीत ‘कोणी बोलू धजेना’. दुसरीत ‘कोणी बोलायला धजलं नाही’. तिसरीत, शिक्षकांच्या घरातल्या मुलीच्या, ‘बोलण्यास कोणी धजावले नाही’. मागच्या बाकावरच्या एका मुलानं लिहिलं होतं ‘कोणाची डेअरिंग झाली नाही’. चौघांनाही मी बरोबरची खूण केली. चौथ्याला जरा हसून केली. पुढची वही उघडली आणि हात थांबला.

‘शकणे’ घ्या. ‘बोलू शकत नाही’ म्हणतो, ‘बोलायला शकत नाही’ असं मराठीत होत नाही. ‘घाबरणे’ घ्या. ‘बोलायला घाबरतो’ म्हणतो, ‘बोलू घाबरतो’ असं कोणी म्हणणार नाही. म्हणजे मराठीतही ही उभी रेघ आहेच. एका बाजूला ‘ऊ’वाली, सहायकासारखी वागणारी क्रियापदं. दुसऱ्या बाजूला ‘आयला’वाली. आणि ‘धजणे’? ‘बोलू धजत नाही’ हेही खरं, ‘बोलायला धजत नाही’ हेही खरं. ते रेघेवर मांडी घालून बसलेलं आहे. हा शब्द आईच्या तोंडून ऐकल्यापासून मी दोन्ही तऱ्हांनी वापरत आले होते. कोणी माझा अर्धा गुण कापला नाही. मराठीच्या पेपरात कोणाचा कापला गेल्याचं ऐकलंही नाही.

इंग्रजीतलं आणि मराठीतलं हे एकाच अर्थाचं क्रियापद एकाच जागी डगमगतं याला योगायोग म्हणायची माझी तयारी होती. पण मग मी दुसरी गोष्ट पाहिली. ‘धजणे’ होकारात येतं का? ‘मी रोज साहेबांशी बोलायला धजतो’ असं कोण म्हणतं? अपवाद असतील, पण ‘धजणे’चं खरं घर नकारात आणि प्रश्नात: धजेना, धजत नाही, कोण धजेल? मग त्याच्या शेजारचे शब्द आठवत गेले. कोणाची टाप आहे? तुझी काय बिशाद! कुणाची प्राज्ञा होती? ‘माझी टाप आहे’ असं छाती काढून सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. ‘हिंमत’ आणि ‘धाडस’ हे शब्द होकारात सुखानं नांदतात. ‘टाप’, ‘बिशाद’ आणि ‘प्राज्ञा’ मात्र नकार नाही तर प्रश्न असल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. इंग्रजीतला डावीकडचा, जुन्या वळणाचा ‘डेअर’ अगदी असाच आहे. नकारात दिसतो, प्रश्नात दिसतो, ‘जर’मध्ये, ‘क्वचितच’मध्ये दिसतो. साध्या होकारात त्याची जागा उजवीकडचा घेतो: ‘ही डेअर्स टू गो’. क्वर्क मंडळींनी हेही लिहून ठेवलं आहे. मी ते वाचलंही होतं, पण ‘टाप’ आठवेपर्यंत ते माझ्या अंगाला लागलं नव्हतं.

धाडस करणारा करून मोकळा होतो, त्याला क्रियापदाची गरज पडत नाही. गरज पडते ती कोणी पुढे होत नाही तेव्हा, किंवा नको तो पुढे झाला तेव्हा. म्हणून हा शब्द ‘नाही’च्या आणि प्रश्नचिन्हाच्या सावलीत वाढतो. इंग्रजीत नकार आणि प्रश्न या सहायक क्रियापदांच्या हक्काच्या जागा, म्हणून तिथे त्याचं जुनं वळण टिकलं आणि इतरत्र झिजलं, असं माझं मत झालं आहे. हे मत माझं आहे, त्या चौघांच्या माथी ते मारू नये.

एकदा हे दिसलं की ‘डेअर’च्या प्रत्येक वाक्याकडे मी रेघ विसरून, प्रसंग पाहून बघू लागले. 23 सप्टेंबर 2019 ला न्यूयॉर्कमध्ये संयुक्त राष्ट्रांच्या हवामान परिषदेत ग्रेटा थुनबर्ग जगातल्या पुढाऱ्यांवर कडाडली. तिचे ‘हाउ डेअर यू’ हे तीन शब्द आमच्या शाळेतल्या पोरांच्याही तोंडी बसले. पुढे कित्येक दिवस डबा पळवणाऱ्याला ते ऐकवले जात होते. सोळा वर्षांची मुलगी, मातृभाषा स्वीडिश, आणि रागाच्या भरात तोंडातून निघालं ते शतकांपूर्वीचं वळण: ‘डू’ नाही, आणि पुढे जोडलेल्या क्रियापदांआधी ‘टू’ नाही. एका मुलीनं विचारलंच, ‘बाई, प्रश्न आहे तर यात डू कुठाय?’ मी म्हटलं, ‘तुझी हिंमत कशी झाली, असं तुझी आई म्हणते तेव्हा ती तुला प्रश्न विचारत असते का?’ वर्ग हसला. ‘हाउ डू यू डेअर’ असं कोणी म्हटलं तर तो खरोखरचा प्रश्न होईल, एखाद्या गिर्यारोहकाला पत्रकारानं विचारावा तसा, आणि रागाची सगळी हवा निघून जाईल. ‘डोन्ट यू डेअर’ची गोष्ट उलटी. त्यात ‘डू’ आहे, पुढचं क्रियापद बहुतेकदा बोललंच जात नाही, आणि मराठीत त्याला एकच शब्द: खबरदार.

‘आय डेअर से’ तर आणखी निराळं. त्यात धाडसाचा मागमूस उरलेला नाही. जुन्या इंग्रजी कादंबऱ्यांतली माणसं चहा ओततानाही ते म्हणतात, आणि अर्थ एवढाच की ‘असेल बहुतेक’, ‘म्हणायला हरकत नाही’. मराठी अनुवादांत मात्र ती बिचारी ‘मी असे म्हणण्याचे धाडस करतो’ असं म्हणताना दिसतात, आणि पाऊस पडेल की नाही या विषयावर एवढं धाडस कशाला असा प्रश्न वाचकाला पडतो.

आणि ‘आय डेअर यू टू जंप’. इथे स्वतःच्या हिमतीचा प्रश्न नाही, दुसऱ्याला डिवचायचं आहे. ‘टॉम सॉयर’ या 1876 सालच्या कादंबरीच्या पहिल्याच प्रकरणात टॉम आणि गावात नवीन आलेला मुलगा समोरासमोर येतात. टॉम पायाच्या अंगठ्यानं धुळीत रेघ ओढतो आणि ती ओलांडून दाखव म्हणून आव्हान देतो. या ‘डेअर’ला आपल्याकडे क्रियापद नाही, ‘दाखव’ आहे: उडी मारून दाखव, हात लावून दाखव. इंग्रजीत हा ‘डेअर’ कधीच डगमगत नाही. तो पुरता साधा आहे, त्याचा ‘टू’ कधी गळत नाही. त्याच लेखकाचा हकलबरी फिन मात्र ‘डेअर नॉट’चं ‘डॅसन्ट’ करून टाकतो. हे रूप माझ्या वर्गात कोणी लिहिलं असतं तर मी काय केलं असतं, याची कल्पना करून मी एकटीच हसते.

आता आपणही या शब्दाचे हात-पाय तोडून त्याला घरात घेतलाच आहे. ‘डेअरिंग पाहिजे राव’, ‘माझी डेअरिंग होत नाही’, कुठे ‘माझं डेअरिंग’. लिंगही अजून ठरलेलं नाही. वाढदिवसाला जमलेली पोरं ‘ट्रूथ ऑर डेअर’ खेळतात तेव्हा ‘मला डेअर दे’ असं म्हणतात, म्हणजे तिथे ते नाम झालं आणि देता-घेता येऊ लागलं. मागच्या बाकावरच्या त्या मुलानं लिहिलेलं वाक्य मी जरा हसून बरोबर धरलं होतं. आज पाहते तर चौघांत व्याकरणाचा सगळ्यात सोपा मार्ग त्यानंच शोधला होता. नाम घेतलं, ‘होणे’ला जोडलं, ‘ऊ’ की ‘आयला’ हा झगडाच ठेवला नाही.

मग शिकवण्यात काय बदललं? रेघ मारायचं मी सोडलं. आता आधी विचारते, माणूस कोणत्या प्रसंगात आहे: गप्प बसलाय, रागावलाय, की दुसऱ्याला डिवचतोय? लिहायला शिकवते ते एकच वळण, ‘डझ नॉट डेअर टू’, कारण ते कुठेही चालतं आणि विसरलं जात नाही. पण कोणी ‘डिड नॉट डेअर आस्क’ लिहिलं तर समासात काही लिहीत नाही. ‘ही डेअर नॉट’ आलं तर थोडं जुन्या वळणाचं आहे, ब्रिटिश पुस्तकांत जास्त भेटेल, अमेरिकन माणूस सहसा असं बोलणार नाही, एवढं सांगते.

सगळंच चालतं असं माझं म्हणणं नाही. ‘ही डेअर नॉट टू गो’ मी अजूनही चूक धरते, आणि ‘आय डेअर यू जंप’ही. माझ्या एका जुन्या सहकारी सरांना हे ढोंग वाटतं. ‘बाई, एकदा दार उघडलंत की सगळे आत येणार,’ असं ते म्हणतात. येत नाहीत. पाहणाऱ्याला दिसतं की ही सूट एकाच बाजूची आहे. ‘डू’ असताना ‘टू’ गळतो, पण ‘डू’ नसताना नुसत्या ‘डेअर नॉट’नंतर तो घुसत नाही, आजच्या इंग्रजीत तरी नाही. असं एकतर्फी का, हे सरांनी विचारलं. मी म्हटलं, गळणं सोपं असतं, घुसणं अवघड. हे काही उत्तर नव्हे हे सरांना कळलं आणि मलाही.

खरी अडचण शाळेबाहेर आहे. निवृत्तीनंतर गावातली स्पर्धा परीक्षांची मुलं संध्याकाळी शंका घेऊन येतात. त्यांच्या मार्गदर्शकांत ‘चूक ओळखा’ अजून तसंच आहे. ‘डिड नॉट डेअर आस्क’ असलेल्या भागापुढे उत्तराच्या पानावर अजून चूक म्हणूनच खूण आहे. एका प्रकाशकाला मी पत्र लिहिलं, क्वर्कच्या पुस्तकाचा हवाला देऊन. उत्तर आलं नाही आणि पुढची आवृत्ती त्याच खुणेसह आली. परवा स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या एका मुलीला मी हे सगळं समजावलं, शेक्सपिअर वगळून. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘म्हणजे बाई, वाक्य बरोबर आहे, पण परीक्षेत ते चूक म्हणून खूण करायची?’

मी हो म्हटलं. गुण तिला हवे आहेत, मला नाही. ‘आणि मुलाखतीत असं बोलले तर?’ तिनं पुढे विचारलं. ‘बोल,’ मी म्हटलं, ‘तिथे कोणी कापणार नाही.’ तिनं वहीत दोन रकाने केले, एकावर ‘पेपर’ आणि दुसऱ्यावर ‘तोंडी’ असं लिहिलं, आणि मधे पट्टी ठेवून रेघ मारली. मी तिला थांबवलं नाही.